वाचकांचे प्रश्न : एक रुपयाचा चंद्र, दोन रुपयांचा चंद्र

मागच्या अंकात सुपरमूनवर, म्हणजे पृथ्वीच्या जवळ आलेल्या पौर्णिमेच्या चंद्रावर, चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेसेज थांबायचं नावच घेईनात. ३ जानेवारीला पौष पौर्णिमेचा चंद्र बघायला बरीच मंडळी गच्चीवर गेली होती आणि त्यातली बरीचशी तोंड पाडून खाली आलेली दिसतायत. सगळ्यांना उत्तरं देणं या दोन पानांत बसणार नाही, म्हणून ज्यांचे प्रश्न थोडेफार सारखे होते ते एकत्र केलेत, राग मानू नका.

सर, बातम्यांत सांगत होते चंद्र १४ टक्के मोठा दिसणार. आम्ही घरातले सगळे गच्चीवर गेलो, मुलाने मित्राकडून दुर्बीण आणली, पण चंद्र आपला रोजच्यासारखाच. आमचं काही चुकलं का? (एक ताई, चिपळूण)

ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, बातमीने तुम्हाला अर्धंच सांगितलं. १४ टक्के मोठा, पण कोणापेक्षा? तर सगळ्यात लांबच्या, म्हणजे सगळ्यात लहान दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा. तो काय त्या रात्री शेजारी उभा नव्हता तुलना करायला! नेहमीच्या सरासरी चंद्राशी तुलना केली तर फरक जेमतेम सात टक्के, आणि तोही वर्षातल्या सगळ्यात जवळच्या पौर्णिमेचा. जानेवारीतली पौर्णिमा तेवढी जवळचीही नव्हती.

चंद्राचं पृथ्वीपासूनचं सरासरी अंतर ३,८४,४०० किमी. पण कक्षा लंबगोल आहे आणि वर सूर्य सारखा ओढत असतो, त्यामुळे जवळ आला की तो ३,५६,००० च्या थोडं वर येतो आणि लांब गेला की ४,०६,००० च्याही पुढे. म्हणजे पन्नास हजार किमीचा फरक, ऐकायला प्रचंड.

आता घरातलं एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं घ्या, नवीनपैकी, एकाच सिरीजमधली. दोन रुपयांचं नाणं साधारण १४-१५ टक्के मोठं असतं, म्हणजे लहानात लहान पौर्णिमा आणि मोठ्यात मोठी पौर्णिमा यांच्यातला हाच फरक. एक नाणं हॉलच्या भिंतीवर सेलोटेपने चिकटवा, दुसरं बेडरूमच्या, आणि सात-आठ फूट लांब उभे राहून आधी एक बघा मग दुसरं. त्या अंतरावरून नाणं साधारण चंद्राएवढंच दिसतं. मी आमच्याकडे करून बघितलं, बायकोने दोनदा उलटं सांगितलं. इथे दोन नाण्यांमध्ये अर्धा मिनिट गेलं होतं, आकाशात सहा-सात महिने जातात.

खरंच फरक बघायचा असेल तर फोटो काढा. २०२६ हे वर्ष त्यासाठी झकास आहे. ३१ मे ला अधिक ज्येष्ठातली पौर्णिमा, ती वर्षातली सगळ्यात लांबची, ४,०६,००० किमीच्या आसपास. आणि २४ डिसेंबरची मार्गशीर्ष पौर्णिमा सगळ्यात जवळची, ३,५६,००० च्या जरा वर. दोन्ही वेळा तोच कॅमेरा, तोच झूम, काही म्हणजे काही बदलायचं नाही, आणि मग दोन्ही फोटो शेजारी ठेवायचे. मे अखेरीला वळवाचे ढग आडवे आले तर माझा इलाज नाही.

आणि हो, सुपरमून हा शब्द शास्त्रज्ञांनी काढलेला नाही. रिचर्ड नोल नावाच्या अमेरिकन ज्योतिषाने तो १९७९ मध्ये वापरात आणला. ज्योतिषाला नावं ठेवणारेच हल्ली तो सगळ्यात जास्त फॉरवर्ड करतात, ही गंमत आहे.

पण दादा, मालवणच्या किनाऱ्याकडून मागे वळून बघितलं तर माडांच्या वरून येणारा चंद्र मी स्वतः टोपलीएवढा बघितलाय. मग ते काय? (एक वाचक, मालवण)

ते तुमच्या डोक्यात घडतं, आकाशात नाही. हात पूर्ण लांब करून बोटांच्या चिमटीत तुरीच्या डाळीचा एक दाणा धरा, माडावरचा टोपलीएवढा चंद्रही त्यामागे झाकला जाईल आणि रात्री बारा वाजता डोक्यावर आलेलाही तेवढाच झाकला जाईल. उलट उगवताना तो डोक्यावर असतानापेक्षा सुमारे सहा हजार किमी लांब असतो, कारण मध्ये पृथ्वीची अर्धी जाडी येते. तरी मोठा वाटतो, कारण शेजारी झाडं, घरं, कौलं असतात आणि मेंदू त्यांच्याशी ताडून बघतो. मोबाईलने फोटो काढला की त्यात शेंगदाण्याएवढाच येतो, तेव्हा लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात. कॅमेरा बिचारा खरं सांगत असतो.

माझ्या सासूबाई म्हणतात पूर्वी तिथी सूर्य उगवला की बदलायची, आता कॅलेंडरवाले काहीही छापतात. कधी एक तिथी गायब, कधी एकच तिथी दोन दिवस. आणि संकष्टीला नागपूरच्या बहिणीचा उपास माझ्या आधी सुटतो तो का? (एक काकू, ठाणे)

काकू, खरं सांगू का, आलेल्या सगळ्या प्रश्नांत हा मला सगळ्यात आवडला, कारण चंद्र लांब गेला की जवळ आला हे डोळ्यांना दिसत नाही पण तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ते छापलेलं असतं, फक्त आपण तसं वाचत नाही.

तिथी म्हणजे काय, तर चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपली. सूर्योदयाशी तिथीच्या संपण्याचा काही संबंध नाही, फक्त सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचं नाव आपण त्या दिवसाला देतो. आता चंद्र जवळ असला की भरभर पळतो, दिवसाला साधारण पंधरा अंश. लांब असला की रेंगाळतो, बाराच्या आसपास. सूर्यही रोज साधारण एक अंश सरकतो, तो वजा करा. म्हणजे जवळचा चंद्र सूर्याच्या पुढे दिवसाला चौदा अंश जातो, त्याला बारा अंश कापायला साडेवीस तास पुरतात. लांबच्या चंद्राला अकराच अंश जमतात, त्याची तिथी सव्वीस तास चालते.

साडेवीस तासांची तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयाच्या आत संपली, तर तिच्या वाट्याला एकही सूर्योदय येत नाही, तो क्षय. सव्वीस तासांची तिथी पहाटे सुरू झाली तर दोन सूर्योदय खाते, ती वृद्धी. तेव्हा कॅलेंडरमध्ये तिथी गायब दिसली की बहुतेक वेळा समजायचं चंद्र सध्या जवळून जातोय, आणि एकच तिथी लागोपाठ दोन दिवस दिसली की स्वारी लांब गेलीय. क्वचित कधी पंधरवडा तेरा दिवसांचाच होतो तेव्हा तर व्हॉट्सअपवर महाभारतापासून सगळं काही येतं, पण त्यामागेही हीच भानगड असते.

सासूबाईंना हेही सांगा की हा वाद आजचा नाही. जुन्या पंचांगकर्त्यांचं सूत्र होतं 'बाणवृद्धी रसक्षय'. बाण पाच, रस सहा. एक घटका २४ मिनिटांची, साठ घटकांची तिथी फार तर पाच घटका वाढेल नाहीतर सहा घटका घटेल, म्हणजे २६ तासांपासून २१ तास ३६ मिनिटांपर्यंत. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ, त्यांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिलं आणि आपल्याकडची पंचांगं पुढे कित्येक पिढ्या त्यावरच चालली. ज्या-कोज्यांच्या, म्हणजे साइन-कोसाइनच्या, कोष्टकांशिवाय ग्रहगणित सोपं करून दिलं त्यांनी, हे काम काय साधं नाही. पण त्या परंपरेत चंद्राला एकच मुख्य दुरुस्ती होती, मंदफल नावाची, सूर्याच्या ओढीने पडणारे बाकीचे फरक त्यात नव्हते. ते धरून आजचं दृक् गणित, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष दिसतं त्याच्याशी जुळणारं गणित, केलं की सूत्र होतं 'सप्तवृद्धी दशक्षय', सात घटका वाढ आणि दहा घटका घट. म्हणजे २६ तास ४८ मिनिटांपासून वीस तासांपर्यंत. कोणतं खरं यावर पंचांगकर्त्यांची जबरदस्त भांडणं झाली आहेत, आणि काही घरांत अजूनही टिळक पंचांगाप्रमाणे सण वेगळ्या दिवशी येतो तो त्याच पंचांगशुद्धीच्या चळवळीचा वारसा.

बहिणीचं सोपं आहे. नागपूर मुंबई-ठाण्याच्या सहा अंशांहून जास्त पूर्वेला, तिथे चंद्र साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. तिला एखादा मोदक बाजूला ठेवायला सांगा.

या वर्षी ग्रहणं किती आणि आपल्याकडे कोणती दिसणार? घरात सून गरोदर आहे, वेधाबद्दल रोज वेगळे मेसेज येतायत. (एक काका, अमरावती)

एकूण चार, त्यातलं आपल्याला दिसणारं एकच आणि तेही शेपटाकडून.

चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेशी पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमा-अमावास्येला ग्रहण होत नाही. दोन वाटा जिथे एकमेकांना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू, आणि सूर्य त्यातल्या कुठल्या तरी एकाजवळ साधारण १७३ दिवसांनी पोचतो. तेवढाच काय तो ग्रहणांचा सीझन. २०२६ मध्ये एक सीझन फेब्रुवारी-मार्चमध्ये, दुसरा ऑगस्टमध्ये.

१७ फेब्रुवारीचं कंकणाकृती सूर्यग्रहण अंटार्क्टिकावर, ते पेंग्विन बघतील. ३ मार्चला, धुळवडीच्या दिवशी, खग्रास चंद्रग्रहण आहे, पण खग्रास भाग दुपारी ४.३४ ते ५.३३, तेव्हा आपल्याकडे चंद्र उगवलेलाच नसतो. तो उगवेल ग्रहण लागलेलाच, याला ग्रस्तोदित म्हणतात. ६.४७ ला सुटेल. मुंबईत जेमतेम दोन-चार मिनिटं, ती पण क्षितिजावरच्या धुरात, तिकडे बघूच नका. तुम्हा विदर्भवाल्यांना वीसेक मिनिटं मिळतील, पूर्वेला मोकळं माळरान गाठा, एका कडेने कुरतडलेला चंद्र वर येताना दिसेल. आसाम-अरुणाचलकडे खग्रासचा शेवटही दिसेल. १२ ऑगस्टचं खग्रास सूर्यग्रहण आणि २८ ऑगस्टचं, नारळी पौर्णिमेचं, खंडग्रास चंद्रग्रहण ही दोन्ही आपल्याकडे दिसत नाहीत, दुसऱ्याच्या वेळी आपल्याकडे सकाळचे आठ वाजून गेलेले असतील.

काका, सूनबाईंना वेळेवर जेवू द्या, पाणी पिऊ द्या, चंद्रग्रहण बघावंसं वाटलं तर अंगणात खुर्ची द्या. चंद्रग्रहण म्हणजे चंद्रावर पडलेली आपलीच सावली, तिने पोटातल्या बाळाला काही होत नाही. आणि जे ग्रहण आपल्याकडे दिसतच नाही त्याचे वेध पाळायचे नसतात हे तर पंचांगवालेच छापतात.

मी नोकरीसाठी माद्रिदला असतो. ऑगस्टचं ग्रहण इथून दिसेल असं ऑफिसमध्ये म्हणतात. सुट्टी टाकू का? (एक वाचक, स्पेन)

सुट्टी टाकच, पण माद्रिदला थांबू नकोस! शहर खग्रासच्या पट्ट्याच्या अगदी काठाबाहेर आहे, आणि ९९ टक्के झाकलेला सूर्य आणि पूर्ण झाकलेला सूर्य यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. उत्तरेला बुर्गोस, लिओन, नाहीतर सारागोसा गाठ. रात्री साडेआठच्या सुमाराला, सूर्य पश्चिमेला पार खाली आलेला असेल, समोर डोंगर किंवा इमारत येणार नाही अशी जागा आदल्या दिवशीच बघून ठेव. अंधार दोन मिनिटांच्या आतला आहे. ग्रहणाचा चष्मा खग्रास लागेपर्यंत आणि सुटल्यावर लगेच, मध्ये नाही.

फेब्रुवारीत कंकण आणि ऑगस्टमध्ये खग्रास असं का, तर परत अंतरच. १० ऑगस्टला चंद्र पृथ्वीच्या जवळच्या टोकाला असतो, दोनच दिवसांनी ग्रहण, त्यामुळे सूर्याला पुरून उरतो. फेब्रुवारीत तो मध्येच कुठेतरी असतो आणि थंडीत सूर्य आपल्याला जरा जवळ असल्याने किंचित मोठा दिसतो, म्हणून झाकण अपुरं पडतं, कडेने अंगठी उरते.

तिथे पुढच्या वर्षीही असशील तर नशीबवान आहेस. २ ऑगस्ट २०२७ ला पुन्हा खग्रास, या वेळी दक्षिण स्पेनवरून, कादिझ आणि मालगाकडून, आणि इजिप्तमध्ये लक्सरपाशी तर सहा मिनिटांहून जास्त. त्या दिवशी महाराष्ट्रातही दुपारनंतर खंडग्रास दिसू शकतं, पावसाने परवानगी दिली तर. गंमत म्हणजे दोन्ही वर्षी तिथी एकच, आषाढ अमावास्या, आपली दिव्याची अवस. ज्या दिवशी घरोघर दिवे घासूनपुसून मांडतात त्याच दिवशी.

हे २०२७ चं ग्रहण २२ जुलै २००९ च्या ग्रहणाचंच पुढचं भावंड आहे. १८ वर्षं ११ दिवस आणि आठ तासांनी सूर्य, चंद्र, राहू-केतू आणि चंद्राचं अंतरसुद्धा जवळपास तिथेच परत येतं, फक्त त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते म्हणून पट्टा पश्चिमेकडे सरकतो. २००९ ला मी सुरतला गेलो होतो. पहाटेपासून ढग, सूर्याचा पत्ता नाही. सहा-वीसच्या सुमारास कोणीतरी दिव्याचं बटण बंद करावं तसा अंधार झाला, आमच्या मागे टपरीवाल्याने स्टोव्ह तसाच चालू ठेवून वर बघितलं, तीन मिनिटांनी उजेड आला आणि त्याने चहा गाळायला घेतला. फोटो एकही नाही.

चंद्र जवळ आला की भरती खरंच मोठी येते का? (अलिबागहून)

येते. भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे अगदी लांबच्या आणि अगदी जवळच्या चंद्राच्या ओढीत चाळीस-पन्नास टक्क्यांचा फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि चंद्राचं जवळ येणं एकत्र आलं की पाणी नेहमीच्या खुणेच्या वर चढतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, हे फारसं जाणवत नाही. तुमच्याकडच्या कोळ्यांना विचारा, ते कॅलेंडर न बघता सांगतील.

चंद्र दर वर्षी ३.८ सेंटीमीटर लांब चाललाय असं आमच्या बाईंनी सांगितलं. मग सूर्यग्रहणं बंद होणार का? (इयत्ता सातवी, सातारा)

होणार, पण फक्त खग्रास. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून हे अंतर मोजतात, त्यामुळे बाईंचा आकडा बरोबर आहे. लांब जाता जाता चंद्र इतका लहान दिसायला लागेल की सूर्य पूर्ण झाकलाच जाणार नाही, नुसती कंकणं उरतील. त्याला साधारण साठ कोटी वर्षं आहेत. भारतातून दिसणारं पुढचं खग्रास २० मार्च २०३४ ला, कारगिलकडे. तेव्हा तू वीस-एकविसाची असशील, ट्रेनचं बुकिंग आधी कर.