मूलद्रव्यांची पहिली गटवारी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जर्मन रसायनशास्त्रज्ञ डोबेरायनर यांच्या त्रिकांमध्ये, म्हणजे सारख्या गुणधर्मांच्या तीन-तीन मूलद्रव्यांच्या गटांमध्ये, मधल्या मूलद्रव्याचे अणुवस्तुमान उरलेल्या दोघांच्या सरासरीइतके येते, हा योगायोग समजावा का?

उत्तर : योगायोग नव्हे, पण सार्वत्रिक नियमही नव्हे. डोबेरायनर यांनी १८२९ मध्ये मांडलेली त्रिके आजच्या आकड्यांनी पडताळून पाहू. लिथिअम (६.९) आणि पोटॅशिअम (३९.१) यांची सरासरी २३.० येते आणि सोडिअमचे अणुवस्तुमान तेवढेच आहे. क्लोरीन (३५.५) आणि आयोडीन (१२६.९) यांची सरासरी ८१.२, तर ब्रोमीनचे अणुवस्तुमान ७९.९ आहे. मात्र फ्लोरीन (१९.०), क्लोरीन आणि ब्रोमीन असे त्रिक केले, तर फ्लोरीन व ब्रोमीन यांची सरासरी ४९.४५ येते आणि हिशेब पार फसतो. याचे कारण अणुअंकांत, म्हणजे अणुकेंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येत आहे. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम हे अनुक्रमे ३, ११ आणि १९, म्हणजे दोन्हीकडे आठाचे अंतर. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे १७, ३५ आणि ५३, म्हणजे दोन्हीकडे अठराचे. फ्लोरीनपासून क्लोरीन आठ घरे दूर आहे आणि क्लोरीनपासून ब्रोमीन अठरा, त्यामुळे तेथे समतोल राहत नाही. अणुअंक ही कल्पनाच विसाव्या शतकातली असल्याने डोबेरायनर यांना हे उमगणे शक्य नव्हते.

प्रश्न : त्रिकांनंतर पुढचे पाऊल पडायला तीस-पस्तीस वर्षे का लागली?

उत्तर : अणुवस्तुमानांवरच एकमत नव्हते, ऑक्सिजनचे कोणी ८ धरी, कोणी १६. जर्मनीतील कार्ल्सरूह येथे १८६० मध्ये भरलेल्या परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ कानिझारो यांनी अणुवस्तुमाने ठरवण्याची सुसंगत पद्धत मांडली आणि मगच मूलद्रव्ये भरवशाने ओळीत लावता आली.

प्रश्न : मूलद्रव्यांची सारणी मांडणारे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ न्यूलँड्स यांची खरोखरच थट्टा झाली होती का?

उत्तर : झाली होती. १ मार्च १८६६ रोजी लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यांनी, वरचा सा पुन्हा यावा तसे दर आठव्या मूलद्रव्यात पहिल्याचे गुणधर्म दिसतात, असे मांडले. तेव्हा सभेतील फॉस्टर या शास्त्रज्ञांनी ‘आद्याक्षरांच्या क्रमाने लावून पाहिलेत का?’ असे विचारले. टोमणा बोचरा होता, परंतु न्यूलँड्स यांची सारणी कॅल्शिअमच्या पुढे डळमळत होती, हे नाकारता येत नाही. कोबाल्ट व निकेल एकाच घरात कोंबून क्लोरीनच्या गटात बसवले होते, लोह ऑक्सिजनच्या. न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी रिकाम्या जागा नव्हत्या. त्या जागा १८६९ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी आपल्या सारणीत सोडल्या. तरीही १८८७ मध्ये रॉयल सोसायटीने न्यूलँड्स यांना डेव्ही पदक दिले.