घरातल्या झाडांवर पांढरी कापसासारखी कीड येते, निंबोळी तेल मारूनही परत येते, काय करावं?

पानांच्या बेचक्यात कापूस, पानं चिकट, तेल मारलं की आठवडाभर गायब आणि मग परत हजर, असं तुम्ही लिहिलंय म्हणजे हा पिठ्या ढेकूणच, मिलीबग म्हणतात तो. आणि तुमचं तेल भेसळीचं वगैरे असेल असं मला वाटत नाही, तुम्ही ते एकदाच मारलंत तिथे घोळ झालाय.

मला हे कळेपर्यंत एक छान वाढलेला होयाचा वेल गेला. नवीन झाड आणलं, कौतुकाने थेट बाकीच्या कुंड्यांना खेटून ठेवलं आणि महिन्याभरात चार झाडांवर कापूस. मीपण जोरात फवारा मारला, पांढरं दिसेनासं झालं, खूश झाले आणि विसरून गेले. तीन आठवड्यांनी आधीपेक्षा जास्त.

तो कापूस दिसतो ना, त्यात बऱ्याचदा अंडी असतात. एक मादी त्या मेणचट कापसात काहीशे अंडी घालते, कधी पाचसहाशेपर्यंत. त्या मेणावरून पाणी घरंगळून जातं, त्यामुळे तुमचा फवारा आतल्या अंड्यांपर्यंत पोचतच नाही. मग आठवडा-दहा दिवसांत त्यातून बारीक पिवळसर पिल्लं निघतात, ती झाडभर फिरतात, नवीन बेचकं शोधतात आणि तिथे सोंड खुपसून बसतात. या पिल्लांच्या अंगावर सुरुवातीला मेण जवळजवळ नसतंच, म्हणजे ती मारायची वेळ हीच. तुम्ही फवारणी केलीत तेव्हा ती अंड्यात होती आणि ती बाहेर आली तेव्हा तुमची बाटली कपाटात. म्हणून औषध कुठलं यापेक्षा किती दिवसांनी परत मारताय ते बघा.

मी आता काय करते ते सांगते. आधी झाड बाजूला, दुसऱ्या खोलीत नेलं तर उत्तम. मग ७० टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल कानाच्या काडीवर घेऊन दिसेल तो प्रत्येक कापूस पुसून काढायचा (गॅस, दिवा जवळ नको, आणि आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा, काही झाडांना सोसत नाही). काम कंटाळवाणं आहे पण हे टाळून फक्त फवारा मारला तर परत तेच होणार, कारण ते मेण अल्कोहोलने नीट विरघळतं. नंतर झाड आंघोळ घातल्यासारखं धुवायचं, पानाची खालची बाजू विशेष. ढेकणांनी सोडलेलं चिकट पाणी निघून जाऊ दे, त्यावर नंतर काळी बुरशी धरते आणि मुंग्यापण त्यासाठीच येतात. मुंग्या ढेकणांची राखणच करतात म्हणा ना, त्यामुळे मुंग्यांची रांग दिसली तर तिचाही बंदोबस्त करा.

फवाऱ्याला १ लिटर कोमट पाण्यात १-२ मिली सौम्य लिक्विड सोप, मग ५ मिली कोल्ड प्रेस्ड (न तापवता काढलेलं) निंबोळी तेल, खूप हलवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं, उरलेलं ठेवून उपयोग नाही. सोप जास्त टाकला म्हणजे जास्त मरतील असं नसतं हो, माझ्या फर्नची सगळी पानं कडेने जळली त्या हुशारीत. संध्याकाळीच मारा, तेल लागलेल्या पानावर ऊन पडलं तर डाग पडतात. निंबोळी तेलाने किडे पटकन मरत नाहीत हेपण लक्षात घ्या. त्यातलं अझाडिरॅक्टिन त्यांचं खाणं आणि कात टाकणं बिघडवतं, म्हणून दुसऱ्या दिवशी जिवंत दिसले तर घाबरून डोस वाढवू नका. दर ६-७ दिवसांनी, किमान चार ते पाच वेळा, फोनवर रिमाइंडर लावूनच. झाड स्वच्छ दिसलं तरी पुढचा फवारा चुकवायचा नाही, मी नेमकी तिथेच फसले होते.

बघायच्या जागा: बेचकं, पानाची मागची शीर, कुंडीच्या काठाची आतली बाजू, खालची भोकं, आधाराची काठी, बांधलेला दोरा. दोऱ्याखाली हमखास सापडतात.

आता एक शंका. कापसाऐवजी पानांवर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके आणि बारीक जाळी असेल तर तो लाल कोळी. तो कीटक नाहीच, आठ पायांचा असतो, त्यामुळे मुळाशी टाकायची इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं त्याला लागूच होत नाहीत, उलट कधीकधी कोळी वाढतात. पांढऱ्या कागदावर पान झटका, ठिपके चालायला लागले की समजा. गरम कोरड्या हवेत तो आठवडाभरात अंड्यातून पूर्ण वाढतो, म्हणून तिथे धुणं आणि फवारणी ३-४ दिवसांनी. आणि मातीवरून उडणारी काळी चिलटं असतील तर पानांवर काही मारूच नका, त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या थरात असतात, दोन पाण्यांमधलं अंतर वाढवून वरचा दोनेक इंच थर सुकू द्या आणि पिवळे चिकट सापळे लावा. सापळ्यात फक्त उडणारी अडकतात, अळ्या नाही, त्यामुळे पाणी कमी केल्याशिवाय ती संपत नाहीत.

खताचंही बघा. नायट्रोजन भरपूर मिळालं की कोवळी लुसलुशीत वाढ होते आणि रस शोषणाऱ्या किडींना तीच हवी असते, तर कीड असेपर्यंत खत बंद ठेवलेलं बरं. नवीन झाड आणलं की तीन आठवडे वेगळं, मग ते कितीही निरोगी दिसो.

पाच फवारण्यांनंतरही कापूस येतच राहिला तर कुंडीतून झाड उपसून मुळं बघा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर ढेकूण मातीत आहेत, मग वरून कितीही फवारा, काही होणार नाही. सगळी माती टाकून द्या, मुळं धुवा, कुंडी साबणाने घासा, नवीन माती. आणि झाड खूपच खंगलेलं असेल तर एखादी स्वच्छ फांदी कापून, अल्कोहोलने पुसून पाण्यात लावा आणि बाकीचं पिशवीत बांधून टाकून द्या, मी होयाचं हे करायला हवं होतं.