हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर, ‘द विचर ३’सारखा मोठा आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा कथाप्रधान गेम) खेळण्यात मजा येते का?

येते, पण कोणत्या यंत्रावर खेळताय त्यावर बरंच अवलंबून आहे.

निन्टेंडोच्या स्विचवर हा गेम २०१९ मध्ये आला. दोन्ही विस्तारांसकट (नंतर आलेल्या जादा कथांसकट) सगळा ३२ जीबीच्या एका कार्ट्रिजमध्ये बसवलाय, ही कमालच. पण हातात धरून खेळताना रिझोल्यूशन ५४०पीच्या आसपास असतं, त्यामुळे लांबची झाडं धूसर दिसतात. गेममधल्या नोविग्राड शहराच्या बाजारात फ्रेमही अडखळतात. गोष्टीत रमणाऱ्याला चालून जाईल. चित्र सुंदरच हवं असेल तर नाही.

स्टीम डेकवर चित्र कितीतरी स्वच्छ दिसतं. स्क्रीन १२८० बाय ८००, त्यामुळे ग्राफिक्स मध्यम ठेवले तरी छान वाटतात. खरी अडचण बॅटरीची. जड गेमला डेक बनवणारी व्हॉल्व्ह कंपनी स्वतःच मूळ मॉडेलसाठी दोनेक तास सांगते. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ३० किंवा ४० वर बांधून घ्या, पंख्याचा आवाजही कमी होतो. ओएलईडी मॉडेलमध्ये बॅटरी ४० ऐवजी ५० वॉट-तासांची आहे, परवडत असेल तर तेच घ्या. संवाद वाचताना डोळे ताणले जात असतील तर गेममधल्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करा.

माझ्या मते हँडहेल्डचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे स्लीपचं बटण. शंभर तासांचा गेम नोकरी-संसार सांभाळून पुरा होतो तो असाच, वीस-वीस मिनिटांनी: एखादी छोटी क्वेस्ट (कामगिरी), नाहीतर ग्वेंटचा, म्हणजे गेममधल्याच पत्त्यांच्या खेळाचा, एक डाव. (ग्वेंटमुळे मुख्य कथानक बाजूला पडतं, ते वेगळं.) स्टीम डेकवर खेळत असाल आणि घरी पीसी असेल तर स्टीम क्लाउडमुळे (सेव्ह इंटरनेटवर साठवण्याच्या सोयीमुळे) तोच सेव्ह तिथे पुढे चालू करता येतो.