निर्दोष सुटला, पण भरपाईचं काय?

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली होती. अपिलात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, त्याला आता आठ महिने होतील. वकिलांच्या फीपायी जमीन गेली, त्याला कुणी कामाला ठेवत नाही. आमचे वकील म्हणतात, 'सुटला हेच नशीब समजा.' सरकारकडून भरपाई मिळू शकते का? – एक बहीण

उत्तर : ताई, आठ महिने झाले म्हणता, म्हणून आधी मुदतीचं सांगते. द्वेषबुद्धीने खोटा खटला भरला म्हणून दिवाणी दावा लावायचा असेल, तर निर्दोष सुटल्यापासून एकच वर्ष हातात असतं. सरकारला प्रतिवादी करायचं तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीचा काळ मुदतीत धरत नाहीत, पण त्या भरवशावर राहू नका.

सुटला की भरपाई, असा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ च्या २७७ व्या अहवालात तो करायला सुचवलं होतं; पुढे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही ते आलं नाही. तिच्या कलम ३९९ मध्ये विनाकारण अटक करवणाऱ्याकडून जास्तीत जास्त १,००० रुपये मिळतात. तेवढ्यात वकिलाची एक तारीखही भागत नाही!

दुसरा रस्ता उच्च न्यायालयातल्या रिट अर्जाचा, म्हणजे सरकारने मूलभूत हक्क मोडला म्हणून थेट तिथे दाद मागायचा. बिहारचे रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष ठरूनही १४ वर्षं तुरुंगातच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये त्यांना ३५,००० रुपये देवविले. तिथून ही वाट रुळली. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांची फाशी रद्द करताना त्याच न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख द्यायला लावले. त्या खटल्यात साक्षीदाराने फोटोंवरून भलत्याच चौघांना ओळखलं होतं आणि पोलिसांनी तो धागा तसाच सोडला होता. उलट, अक्षरधाम खटल्यातून २०१४ मध्ये सुटलेल्यांची मागणी २०१६ मध्ये मान्य झाली नाही. नुसतं सुटणं पुरत नाही, ते असं.

म्हणून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. पंचनामा बनावट, जबाब दडपला, पुरावा पेरला असं न्यायाधीशांनी कुठे म्हटलंय, त्या परिच्छेदांवर खूण करा. तुमची सगळी ताकद तिथे आहे. फक्त 'संशयाचा फायदा' दिला असेल, तर मी तुम्हाला फार आशा दाखवणार नाही. दाव्यात फिर्यादीला किंवा पोलिसांना खटला भरायला वाजवी कारणच नव्हतं आणि मनात द्वेष होता, हे दोन्ही तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. रिटमध्ये वस्तुस्थितीवरच वाद निघाला, तर बहुधा दिवाणी कोर्टात जायला सांगतात, आणि तोवर वर्ष उलटून गेलेलं असतं.

बाकी कागद : तुरुंगात किती काळ काढला याचा कारागृहाचा दाखला, फीच्या पावत्या, अटकेआधीच्या कमाईचा पुरावा, जमिनीचं खरेदीखत. खरेदीखताची तारीख खटल्याच्या काळातली असेल तर ते फार बोलकं ठरतं.

दाव्याची कोर्ट फी भरायची ऐपत नसेल, तर निर्धन म्हणून दावा दाखल करायची परवानगी मागता येते. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. 'नशीब समजा' म्हणणाऱ्या वकिलांकडून केसची फाइल मात्र आठवडाभरात मागून घ्या.