अलीकडचे स्लॅशर आणि सूडपट खरंच बघण्यासारखे आहेत, की नुसता रक्ताचा सडा?

तुम्ही विचारलंय की गेल्या काही वर्षांतल्या स्लॅशर (एक खुनी एकेकाला गाठून मारत सुटतो असे भयपट) आणि सूडपटांत दम आहे का, की कोण जास्त रक्त सांडतो एवढीच चढाओढ उरली आहे. दम आहे, आणि भरपूर आहे. मी इंदूरचा. इथे आमचं भयपटवेड्यांचं एक टोळकं आहे. लेट शो सुटला की सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचं कीस खाता खाता आमची याच विषयावर हमरीतुमरी चालते. त्या वादांतून माझी एक कसोटी तयार झाली आहे: सूड घेऊन झाल्यावर चित्रपट किती वेळ थांबतो? शेवटचा घाव बसला आणि लगेच नामावळी सुरू झाली, तर तो चित्रपट पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत माझ्या डोक्यातून गेलेला असतो. (पुढे बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत. ज्यांना त्या नको असतील त्यांनी सरळ शेवटच्या परिच्छेदावर जावं.)

सुरुवात घरच्यापासून करतो. निखिल नागेश भट यांचा ‘किल’ आपल्याकडे २०२४च्या जुलैत लागला. रांचीहून दिल्लीला निघालेली रात्रीची गाडी, तिच्यात शिरलेले दरोडेखोर आणि सुट्टीवरचा एक कमांडो. साधारण मध्यावर दरोडेखोर त्याच्या प्रेयसीला मारतात आणि तेव्हा कुठे पडद्यावर चित्रपटाचं नाव येतं. तोपर्यंत आपण मारधाडपट बघत असतो, तिथून पुढे स्लॅशर सुरू होतो. फरक एवढाच की खुनी आता नायक आहे. तो अग्निशामक नळकांडं उचलून डोकं ठेचतो, प्रेतं डब्यात टांगून ठेवतो, म्हणजे पलीकडून येणाऱ्यांना ती दिसावीत. आणि दरोडेखोर? स्लॅशरमधली कॉलेजची पोरं जशी वागतात तसे ते वागायला लागतात. दारं लावून घेतात, कुजबुजतात, आपल्यातले किती उरले ते मोजतात. ही सगळी टोळी एकाच कुटुंबातली आहे. कुणाचा काका, कुणाचा भाऊ. आपलं माणूस पडलं की ते तिथेच बसून हंबरडा फोडतात.

यावर आमच्यात अजून एकमत नाही. एका मित्राचं म्हणणं, खुनी माणसांचं रडणं दाखवून दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या रागावर पाणी ओतलं. मला तर वाटतं सगळा चित्रपट त्या रडण्यात आहे. ते नसतं तर ती नुसती कापाकापी झाली असती. शिवाय जागेचा असा वापर मी हिंदीत क्वचित पाहिलाय. दोन माणसं धड शेजारून जाऊ शकत नाहीत एवढा बोळ, बर्थचे पडदे, दोन डब्यांमधली ती खडखडणारी जागा. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला जाताना रात्री बाथरूमला उठलो की मला तो बोळ आठवतो आणि मी झपाझप परत येतो.

बाहेरच्यांपैकी माझा सर्वांत लाडका म्हणजे ख्रिस नॅशचा ‘इन अ व्हायलेंट नेचर’, कॅनडाचा, २०२४चा. यात कॅमेरा बळींबरोबर नसतो, खुन्याच्या मागे मागे चालतो. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. पाचोळ्यावर पडणारी पावलं, पाखरं, लांबून येणाऱ्या तरुण मुलामुलींच्या गप्पा, बस. पुष्कळांना हे कंटाळवाणं वाटलं, ते मी समजू शकतो. पण शेवट बघा. वाचलेली मुलगी जखमी अवस्थेत रस्त्यावर येते, एक अनोळखी बाई तिला गाडीत घेते आणि गाडी चालवता चालवता आपल्या भावावर अस्वलाने केलेल्या हल्ल्याची गोष्ट सांगत बसते. सांगतच राहते. आपल्याला खात्री असते की आता झाडीतून तो येणार. त्या मुलीलाही तीच खात्री आहे, तिची नजर जंगलावरून हलत नाही. ती वाचली आहे आणि आता जन्मभर अशीच झाडांकडे बघत राहणार, हे त्या प्रसंगात पोटात खड्डा पाडून कळतं.

‘टेरिफायर ३’बद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय म्हणून. दिग्दर्शक डेमियन लिओन स्वतः मेकअप आणि इफेक्टमधला माणूस, त्यामुळे त्यातलं रक्तमांस हाताने घडवलेलं आहे आणि ती कारागिरी खरोखर मोठी आहे. सुमारे २० लाख डॉलरमध्ये केलेल्या चित्रपटाने जगभरात ९ कोटींच्या आसपास कमावले. फ्रान्समध्ये त्याला अठराच्या आतल्यांसाठी बंदी होती. मला मात्र त्यात आवडली ती सिएना. मागच्या भागातून वाचलेली ही मुलगी मनोरुग्णालयातून सुटून मावशीच्या घरी राहायला येते, आणि सणाच्या गडबडीत तिला मेलेली माणसं दिसत राहतात. तिथे चित्रपट थांबायला हवा होता. तो थांबत नाही, त्याला पुढच्या खुनाची घाई आहे. बघितला नाहीत तरी काही बिघडणार नाही.

आणि रक्ताचंच म्हणाल तर जॉन कार्पेंटरच्या १९७८च्या ‘हॅलोवीन’मध्ये ते जेमतेम दिसतं. तरी आजही तो धडकी भरवतो.

सूडपटांत बायकांवरच्या अत्याचाराचं काय करायचं, हा मला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. जुन्या चित्रपटांत तो प्रसंग मिनिटामागून मिनिटं दाखवायचे आणि मग सूडाची टाळी घ्यायचे. ते मी बघू शकत नाही, बघावं असं कुणाला सांगणारही नाही. कोराली फार्जा या फ्रेंच दिग्दर्शिकेने २०१७च्या ‘रिव्हेंज’मध्ये वेगळा मार्ग काढला. अत्याचार चालू असताना दुसरा पुरुष दारात येतो, काय चाललंय ते त्याला दिसतं, आणि तो परत फिरून टीव्हीचा आवाज वाढवतो. कॅमेरा त्याच्याबरोबर बाहेर जातो. एवढ्यात सगळं आलं: गुन्हा, आणि तो गुन्हा चालू देणारा माणूस. पुढे शरीराचं दुखणं कॅमेरा जवळून दाखवतो ते पुरुषांचंही. एक जण पायात घुसलेली काच बोटांनी शोधून काढतो, तेव्हा आमच्यातले दोघे मान फिरवून बसले होते.

जेरेमी सॉल्नियरचा ‘ब्लू रुईन’ २०१३चा आहे, अलीकडचा म्हणता येणार नाही, पण माझ्या कसोटीवर सर्वांत वर तोच. सूड सुरुवातीलाच उरकतो. उरलेला सगळा चित्रपट म्हणजे त्याचा हिशेब.

‘एनएच१०’ (२०१५) या कसोटीत बसत नाही, तरी तो मी सोडणार नाही. नवरा गमावलेली मीरा शेवटी गावात परतते, आणि जखमी माणूस समोर सरपटत असताना खाली बसून सिगारेट पेटवते. तेवढा वेळ ती घेते. अनुष्का शर्माच्या चेहऱ्यावर त्या वेळी ना समाधान आहे ना राग.

हे सगळं बाहेरून आलंय असं म्हणणाऱ्यांना मी महाभारतातलं सौप्तिक पर्व वाचायला सांगतो. झोपलेल्या कावळ्यांना मारणारं घुबड अश्वत्थाम्याला दिसतं, आणि तो रात्री पांचालांच्या छावणीत शिरतो. धृष्टद्युम्न विनवतो की निदान शस्त्राने मार. तो त्याला लाथांनी मारतो. जे बाहेर पळतात त्यांना दाराशी उभे असलेले कृप आणि कृतवर्मा कापतात. मग छावणीला आग. पण व्यास तिथे थांबत नाहीत. द्रौपदीचा आक्रोश येतो, मणी जातो, तीन हजार वर्षं भटकण्याचा शाप येतो. आमच्या भागात त्या शापाची गोष्ट अजून चालू आहे. बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो महादेवाच्या पूजेला येतो म्हणतात, आणि नर्मदेची परिक्रमा करून आलेले लोक सांगतात की तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो. खून एका रात्रीचे, भोग संपता संपत नाहीत. ‘ब्लू रुईन’ बघताना मला हेच आठवत होतं.

तेव्हा तुम्ही नवीन असाल तर ‘किल’पासून सुरुवात करा, मोठ्या पडद्यावर किंवा निदान चांगल्या हेडफोनवर, कारण त्यातला आवाज अर्धं काम करतो. मग ‘ब्लू रुईन’. ‘इन अ व्हायलेंट नेचर’ रात्री, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. मधेच हातात फोन घेतलात तर तो चित्रपट हातचा गेला. ‘रिव्हेंज’ जेवण झाल्या झाल्या बघू नका. आणि घरात लहान मुलं असतील तर यातलं काहीही ती झोपल्यावरच, दार लावून.