पानशेतचं पाणी कुठपर्यंत आलं होतं?

प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. मुलगी सहावीत आहे, सेमी-इंग्रजी शाळेत. मार्क ऐंशीच्या पुढे असतात. शाळेच्या प्रोजेक्टची माहिती बहुतेक मीच शोधते, कारण तिला नीट शोधता येत नाही आणि वेळही पुरत नाही. दिवाळीआधी ‘नैसर्गिक आपत्ती’ हा विषय होता. माझ्या सासूबाईंचं माहेर नारायण पेठेतलं, म्हणून तिला १९६१ च्या पानशेतच्या पुरावर करायचं होतं. पण त्यावर तयार काही मिळेना, म्हणून मी रात्री जागून त्सुनामीवर प्रोजेक्ट केला. पहिला नंबर आला. ती मात्र घरी येऊन रडली, ‘हा माझा नाहीये’ म्हणाली. आता मुलांना रिसर्च शिकवणाऱ्या एका ऑनलाइन कोर्सची जाहिरात पाहिली आहे. सहा महिने, फी ४८ हजार, शेवटी मुलाच्या नावाने पेपर छापून देतात. पाच हजार भरून जागा धरून ठेवली आहे. मिस्टर म्हणतात, माहिती शोधणं हे लायब्ररियनचं काम, त्यापेक्षा जेईई-नीटच्या फाउंडेशनचा क्लास लाव. काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘हा माझा नाहीये’ या तीन शब्दांपाशी अडले. अकरा वर्षांची मुलगी पहिला नंबर घेऊन घरी येते आणि रडते. हातात बक्षीस असताना जे आपलं नाही ते आपलं म्हणायला तिचं मन धजत नाही. संशोधनाला सगळ्यात आधी हेच लागतं, आणि ते तिच्याकडे आहे. ते शिकवायला कोर्स लागणार नाही. घालवायला मात्र असे आणखी दोन-तीन प्रोजेक्ट पुरतील.

थोडं कडक लिहिते, राग मानू नका. त्या रात्री तुम्ही तिला मदत केली नाहीत, तुम्ही तिच्या जागी बसलात. रात्री साडेदहाला कलर प्रिंट काढायला धावणाऱ्या, फेव्हिकॉल वाळायची वाट बघत बसणाऱ्या कितीतरी आया मला भेटतात. त्यामागे माया असते आणि धसकाही असतो. बाकीच्यांच्या आया करतात, आपली मागे पडली तर? हे मला कळतं. पण तुमच्या घरी घडलं ते असं, की मुलीकडे तिचा स्वतःचा प्रश्न होता. आजीच्या घरात पाणी शिरलं होतं, ते कुठपर्यंत आलं, कसं आलं? तुम्ही आधी उत्तर शोधलंत, ते चटकन मिळेना म्हणून प्रश्नच बदललात. त्सुनामीची चित्रं तयार होती, पानशेतची नव्हती. असं चारदा झालं की मूल प्रश्न विचारायचंच सोडतं. मग नववीत आपण म्हणतो, हिला कशातच रस नाही.

आणि तिचा प्रश्न तुमच्या विषयापेक्षा मोठा होता, हे तुमच्या लक्षात आलं का? १२ जुलै १९६१ ला पानशेतचं अर्धवट बांधलेलं धरण फुटलं, त्या लोंढ्याने पुढे खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. धरण फुटून आलेल्या पुराला नैसर्गिक आपत्ती म्हणायचं का? सहावीच्या मुलीने वर्गात एवढं एक विचारलं असतं, तर बाईंनाही थांबून विचार करावा लागला असता.

गेल्या वर्षी एमएस्सी झालेली एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. मार्क उत्तम, इंग्रजी उत्तम. पीएच.डी.साठी पाच विषय लिहून आणले होते. आम्ही शोधगंगा उघडली. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध तिथे कुणालाही फुकट वाचता येतात. अर्ध्या तासात दिसलं की पाचातल्या तीन विषयांवर आधीच काम होऊन गेलंय. शोधगंगा हे नाव तिने पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं. तेवीस वर्षांत तिच्याकडून कुणी काही शोधून घेतलंच नव्हतं. नेहमी कुणीतरी शोधून हातात दिलं होतं, आधी घरच्यांनी, मग क्लासच्या नोट्सनी.

आता एक मोठा गैरसमज. मुलांना मोबाइल येतो म्हणजे शोधताही येतं, आणि गूगलवर दिसत नाही म्हणजे ते नाहीच, असं बहुतेक घरांत धरून चालतात. तुम्हीही ‘मिळेना’ असं लिहिलंत. मी काल मोबाइलवर नुसतं ‘पानशेत’ टाकून पाहिलं. रिसॉर्ट, बोटिंग, वीकएंडचं पॅकेज. बरोबरच आहे, यंत्राला पूर हवाय हे मी सांगितलंच नव्हतं. मग शब्द बदलायचे. पूर, प्रलय, धरणफुटी, चौकशी आयोग, अहवाल. ‘रिसॉर्ट’च्या आधी वजाचं चिन्ह लावलं की ती गर्दी हटते. इंग्रजीत शोधताना शहराचं आजचं स्पेलिंग घातलं तर जुने कागद हातून निसटतात, कारण १९६१ मध्ये इंग्रजीत ‘पूना’ लिहीत. मराठीची तर आणखीच गंमत आहे. ‘पूर’ शोधलं तर साध्या सूचीत ‘पुरात’, ‘पुराचा’, ‘पुरामुळे’ सापडत नाहीत, कारण विभक्ती लागली की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. उलट अक्षरं जुळवून शोधणाऱ्या ठिकाणी नागपूर, सोलापूर, कोल्हापूर सगळी रांगेने हजर होतात! सामान्यरूप व्याकरणाच्या पुस्तकात दोन मार्कांसाठी असतं, असं आपण समजतो. मुलीला ते इथे दाखवा, ती जन्मात विसरणार नाही. हे सगळं कुणालाच जन्मजात येत नाही. पोहण्यासारखं ते शिकावं लागतं, आणि लहानपणी सोपं जातं.

गूगल आणि डेटाबेस यांतला फरकही तिला आत्ताच कळू शकतो. तुमच्या शाळेच्या वाचनालयातलं रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. पुस्तकाचं नाव, लेखक, साल, विषय, प्रत्येकाचा वेगळा रकाना. डेटाबेस म्हणजे अशा नोंदींचा मोठा साठा, आणि आपण नेमक्या कुठल्या रकान्यात शोधायचं ते सांगू शकतो. लेखकाच्या रकान्यात ‘टिळक’ टाकलं तर टिळकांनी लिहिलेलं येतं, विषयाच्या रकान्यात टाकलं तर टिळकांवर लिहिलेलं. चॅटजीपीटीला संदर्भ विचारले तर ते कधीकधी अस्तित्वातच नसलेली पुस्तकं ठामपणे सांगतं, तेव्हा ती नावं अशा सूचीत तपासायची सवयही आताच लागू दे.

तुमच्या मिस्टरांना माझ्याकडून एक सांगा. १९९५ मध्ये हळदीने जखम भरून येण्यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. सीएसआयआर या आपल्या वैज्ञानिक संशोधनाच्या सरकारी संस्थेने हरकत घेतली. तेव्हा तिचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते, त्याआधी आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. जखमेवर हळद लावतात हे आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. पण ‘आमची आजी लावायची’ एवढ्यावर पेटंट रद्द होत नाही, छापील पुरावा लागतो. मग संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांपासून वैद्यकीय नियतकालिकांपर्यंत धुंडाळून ३२ संदर्भ पुढे ठेवले गेले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ते काम शोधता येणाऱ्या माणसांनी केलं. जुने निकाल शोधणारा वकील, पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या डेटाबेसवर ताजे अभ्यास पाहून औषध ठरवणारा डॉक्टर, नवा भाग बनवण्याआधी कुणाचं पेटंट आड येतंय का ते तपासणारा इंजिनिअर, सगळे रोज हेच करतात. आणि मुलगी खरंच ग्रंथपाल झाली तर काय बिघडलं? पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात मी विद्यार्थिनी असताना पुस्तकांच्या सूचीच्या कार्डांचे खण उपसून रडकुंडीला आले होते. तिथल्या एका बाईंनी एकच विचारलं, ‘तुला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात सांग.’ मला सांगता आलं नाही. वाक्य जमलं तेव्हा पुस्तक दहा मिनिटांत मिळालं. ते वाक्य जुळवायला मला कुणीच शिकवलं नव्हतं.

कोर्सचं विचारलंत. नको. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या नावावर पैसे घेऊन छापून दिलेला पेपर म्हणजे ४८ हजारांचा त्सुनामी प्रोजेक्ट. ती पुन्हा रडेल. किंवा या वेळी रडणार नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. पाच हजार परत मिळत असतील तर मागून घ्या, नसतील तर सोडून द्या. शिष्यवृत्ती, होमी भाभा या परीक्षा तिला हौस असेल तर द्याव्यात. फाउंडेशनचा विचार नववीआधी नको.

त्याऐवजी पानशेत तिला परत द्या. बक्षीस नाही, तारीख नाही, थर्माकोल नाही. आठवड्यातला एक तास, आणि त्या तासात कीबोर्डला तुम्ही हात लावायचा नाही. ती चुकीचं टाइप करेल, रिसॉर्टच्या फोटोंत रमेल, वैतागेल. बसू दे. कुठले शब्द टाकले आणि काय मिळालं हे मात्र तिने वहीत लिहायचं. वाटलंच तर एवढंच विचारा, ‘हे कुणी लिहिलंय? त्याला कसं कळलं?’ मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही. एखाद्या शनिवारी लक्ष्मी रोडला पुणे नगर वाचन मंदिरात घेऊन जा. १८४८ पासूनची संस्था आहे. १९६१ च्या जुलैची वर्तमानपत्रं कुठे बघायला मिळतील, हे काउंटरवर तिने स्वतः विचारायचं. तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा, ती अडखळली तरी पुढे होऊ नका. दोन जुन्या बातम्यांत दोन वेगळे आकडे सापडले तर तिला सांगा की दोन्ही लिहून ठेव, कुठला कुठून घेतला तेही.

पण सुरुवात सासूबाईंपासून करा. पूर आला तेव्हा त्या किती वर्षांच्या होत्या ते तुम्ही लिहिलं नाहीत, कदाचित तुमच्या लेकीएवढ्याच असतील. या रविवारी दुपारी चहा झाल्यावर लेकीला वही घेऊन एकटीच त्यांच्याजवळ बसू दे. जुनं घर अजून उभं असेल तर नंतर दोघींना नारायण पेठेत घेऊन जा, आणि आजी भिंतीवर जिथे हात ठेवतील तिथपर्यंतची उंची तिला टेपने मोजू दे.