९० क्रेडिटची पदवी: कात्री कुठे लागते?

प्रश्न: अमेरिकेत आता तीन वर्षांची, ९० क्रेडिटची बॅचलर पदवी निघाली आहे. युरोपात बहुतेक ठिकाणी पदवी तीनच वर्षांची असते, तिथे कुणी ओरडत नाही. मग अमेरिकेतच एवढा वाद कशासाठी?

उत्तर: इथे वर्षं मोजली की फसगत होते, तास मोजावेत. अमेरिकेत सेमिस्टरचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्ग, दोन तास घरचा अभ्यास, आणि हे साधारण १५ आठवडे. म्हणजे ४५ तास. १२० क्रेडिटचे झाले ५,४००. युरोपात १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर (उच्चशिक्षणाची रचना सारखी करण्याचा युरोपीय देशांचा करार) रुळलेल्या तीन वर्षांच्या पदवीला १८० ईसीटीएस, म्हणजे युरोपच्या सामायिक पद्धतीतली क्रेडिट लागतात आणि त्यातलं एकेक २५ ते ३० तासांचं असतं. बेरीज जाते ४,५०० ते ५,४०० तासांवर. अमेरिकेतली ९० क्रेडिटची पदवी मात्र ४,०५० तासांत आटोपते. (कागदावरचे तास हं. घरचे दोन तास खरोखर कोण बसतं, हा भाग निराळा.)

कमी होतात ती ३० क्रेडिट म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे दहा विषय. ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी-आयडाहो आणि एन्साइन कॉलेज यांना २०२३मध्ये अशा पदव्यांना मान्यता मिळाली, तेव्हा कात्री लागली ती ऐच्छिक विषयांना. मुख्य विषय आणि सर्वांसाठीचे सामान्य विषय राहिले. ऐच्छिक म्हणजे बिनकामाचं, असं समजून ही कपात खपवली जाते, ते आम्हाला पटत नाही. विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षी मुख्य विषय बदलला, तर आधी केलेले विषय ऐच्छिकांच्या खात्यातच जमा होतात. ते खातंच नसेल तर तेवढी फी आणि तेवढे महिने पाण्यात. पहिल्या दिवसापासून काय शिकायचं हे पक्कं ठरलेल्या मुलाला मात्र ही पदवी स्वस्त पडते, हेही खरं.

प्रश्न: माझी मुलगी नेहमीची १२० क्रेडिटची पदवीच तीन वर्षांत संपवू म्हणते. जमेल का?

उत्तर: जमतं, पण सहा सेमिस्टरला सारखं वाटायला गेलात तर दर वेळी २० क्रेडिट येतात. बहुतेक कॉलेजांत १८च्या वर जायला परवानगी लागते आणि बऱ्याच ठिकाणी जादा फीसुद्धा. झेपेल असा हिशेब: सहा सेमिस्टर दर वेळी १६, म्हणजे ९६, दोन उन्हाळी सत्रांत सहा-सहा, म्हणजे १२, उरलेली १२ एपी परीक्षांतून, म्हणजे शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षांतून.

गाडी अडते ती बेरजेवर नाही, साखळीवर. गणित एक झाल्याशिवाय दोन नाही, दोनशिवाय पुढचं भौतिकशास्त्र नाही. त्यात एखादा विषय फक्त फॉल, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या सेमिस्टरलाच असतो. तो हुकला की वर्ष गेलं. म्हणून शेवटच्या सेमिस्टरच्या विषयापासून उलटं मागे यावं आणि पायऱ्या मोजाव्यात. आठच्या वर भरल्या तर उन्हाळी सत्रं धरूनही तीन वर्षांचा नाद सोडावा.

एपीची क्रेडिट 'स्वीकारली' एवढ्यावर विसंबू नका. ती मुख्य विषयात धरली की नुसती ऐच्छिकांत, हे डिग्री ऑडिटमध्ये (पदवीसाठी काय झालं, काय उरलं याचा कॉलेजचा तक्ता) पाहा आणि सल्लागाराकडून लेखी घ्या. आणखी एक गोम: १२ क्रेडिट घेतली की विद्यार्थी पूर्णवेळ ठरतो, पण आठ सेमिस्टर बाराच घेतली तर होतात ९६. चार वर्षं पूर्णवेळ शिकूनही २४ बाकी.

प्रश्न: ९० क्रेडिटवाल्यांना पुढे अडचण येते का?

उत्तर: क्षेत्र बघा. सीपीएसाठी, म्हणजे परवानाधारक हिशेबतपासनीस होण्यासाठी, अमेरिकेत रूढ अट १५० क्रेडिटची. बऱ्याच राज्यांनी आता पर्यायी वाट दिली आहे. जिथे जुनी अट आहे, तिथे नेहमीच्या पदवीधराला ३० कमी पडतात, ९० क्रेडिटवाल्याला ६०. जॉन्सन अँड वेल्स विद्यापीठाने छोट्या पदव्यांसाठी संगणकशास्त्र, ग्राफिक डिझाइन, हॉटेल व्यवसाय असे विषय निवडले, ज्यांत सहसा सरकारी परवाना लागत नाही. मास्टर्स करायचं असेल तर प्रवेश घेण्याआधीच दोन-तीन विद्यापीठांच्या विभागांना ईमेल करून '९० क्रेडिटची पदवी चालेल का' एवढंच विचारा आणि उत्तर जपून ठेवा.